चांदणी नसलेला कागद

रिपोर्टमास्तरांनी कुठल्याही शाळेत कधी शिकवलं नव्हतं. मास्तर ही पदवी त्यांना जिन्याच्या तिसऱ्या पायरीने दिली होती. संध्याकाळी साडेपाचला कामावरून आले की ते त्या पायरीवर बसायचे, बायको वरून चहाचा कप आणून द्यायची, आणि कप अर्धा व्हायच्या आत कुणीतरी पाकीट घेऊन समोर उभं असायचं. कुणाची साखर, कुणाचं थायरॉइड, कुणाच्या सासऱ्यांची किडनी. मास्तर कागद बाहेर काढायचे, हात लांब करून धरायचे आणि उजव्या कडेवरून बोट हळूहळू खाली न्यायचे. बोट थांबलं की समोरच्याचा श्वासही थांबायचा.

बोट कुठे थांबायचं, याचं एक गुपित होतं. मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मास्तरांनी पस्तीस वर्षं काढली. आधी नळ्या धुवायला, मग खिडकीवर. नमुना घ्यायचा, चिठ्ठी चिकटवायची, वहीत नाव लिहायचं, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात द्यायचा. रक्ताचा एक थेंबही त्यांनी स्वतः कधी तपासला नव्हता. पण प्रयोगशाळेत संगणक आला, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांच्या लक्षात आलं, की जो आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर जातो त्याच्यापुढे यंत्र आपोआप एक बारीक चांदणी छापतं. झालं. चांदणी दिसली की थांबायचं आणि "डॉक्टरांना दाखवा" म्हणायचं. नाही दिसली की "काही नाही, मजेत राहा."

खरं सांगायचं तर या चांदणीने पुष्कळांचं भलं केलं. समोरच्या शिंप्याची साखर त्याला चक्कर येऊन पडण्याआधी सापडली. दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंच्या अंगात रक्त किती कमी आहे, ते बाळंतपणाच्या दोन महिने आधी कळलं. लोक उगाच पायरीपाशी येत नव्हते.

घरात मात्र ही कीर्ती दाराबाहेरच काढून ठेवावी लागे. "वासरांत लंगडी गाय शहाणी," बायको रिकामा कप उचलता उचलता म्हणायची. "अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊ नये माणसानं. एखाद्या दिवशी 'मला नाही कळत' म्हणालात, तर जीभ झडेल का?"

"म्हणेन की. तशी वेळ आली की म्हणेन."

तशी वेळ आली होती. ती कशी आली आणि कशी हातची गेली, तेच सांगायचं आहे.

कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान होतं. दुकानदार मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त. सगळी गल्ली त्याला चष्मेवाला म्हणायची, मास्तर चष्म्या म्हणायचे. काचा घासायच्या यंत्रावर वाकून वाकून त्याच्या पाठीला बाक आला होता आणि बोटांना काचेच्या भुकटीचा कायमचा करडा रंग चढला होता. दुसऱ्याच्या नाकावर चष्मा अगदी बरोबर बसवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा चष्मा मात्र कधी जागेवर नसे. "लोहाराच्या घरी सुरी बोथट," असं म्हणून तो आलेला प्रत्येक कागद सरळ मास्तरांपुढे धरायचा.

तरुणपणी दुकानाची पाटी लावताना हा चष्म्या शिडीवरून थेट काचेच्या कपाटावर कोसळला होता. मांडी उभी फाटली. दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं. तेव्हा मास्तरांना हॉस्पिटलात लागून वर्षही झालं नव्हतं. रक्तपेढीतून वॉर्डापर्यंत त्या दोन बाटल्या पोटाशी धरून तेच धावले होते. चष्म्या पुढे जन्मभर सांगायचा, "मी या माणसाच्या पळण्यावर चालतोय."

मास्तरांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, तेव्हा प्रयोगशाळेत वरून हुकूम आला. रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने हेपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस घ्यायचे आणि नंतर अँटिबॉडी तपासून घ्यायची. सगळ्यांनी दंड पुढे केले. तपासणीच्या निकालाच्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई, ज्यांना सगळे नुसतं 'मॅडम' म्हणत, हातात यादी घेऊन एकेकाला सांगत गेल्या.

"दहाच्या वर हवी. तुमची दोनशे चाळीस. छान, अँटिबॉडी भरपूर आहे. तुम्हाला संरक्षण मिळालं."

शेजारच्या शिपायाची अँटिबॉडी आलीच नव्हती. त्याला पुन्हा तीन डोस घ्यावे लागणार होते. तो बिचारा नापास झाल्यासारखा भिंतीला टेकून उभा राहिला. मास्तरांनी ते दृश्य मनात असं नोंदवून ठेवलं: अँटिबॉडी आहे म्हणजे पास, नाही म्हणजे नापास. त्या संध्याकाळी पायरीवर त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, की अँटिबॉडी म्हणजे रक्तातले रखवालदार. आपल्याकडे दोनशे चाळीस आहेत.

"पगार कोण देतं त्यांना?" चष्म्याने विचारलं होतं, आणि सगळे हसले होते.

पुढच्या वर्षी शाळेच्या सभागृहात रक्तदान शिबिर होतं. चष्म्या सुईला भ्यायचा, पण त्या दिवशी स्वतःहून गेला. "दोन बाटल्या उसन्या घेतल्यात," तो म्हणाला. "एक तरी परत करतो. मग सावकाश मरायला मोकळा."

तीन आठवड्यांनी त्याला रक्तपेढीचं पत्र आलं.

तो ते घेऊन संध्याकाळी पायरीपाशी आला. शिंपी होता, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन होते. मास्तरांनी पत्र उघडलं. सवयीने बोट उजव्या कडेवरून खाली गेलं आणि कुठेही न थांबता कागदाच्या तळाशी पोचलं. पत्रात आकडेच नव्हते, मग चांदणी कुठून असणार? मजकूर चारच ओळींचा होता. प्राथमिक तपासणीत हेपॅटायटिस सीची अँटिबॉडी रिअॅक्टिव्ह आढळली आहे. हे निदान नाही. खात्रीसाठी पुढील तपासणी आवश्यक आहे. कृपया रक्तपेढीतील डॉक्टरांना भेटावे.

'रिअॅक्टिव्ह' या शब्दापाशी मास्तर अडले. हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. खिडकीवर जे रिपोर्ट त्यांच्या हाती दिले जात नसत, जे मॅडम स्वतः बंद पाकिटातून पेशंटला आत बोलावून देत, त्यांच्यावर हा शब्द असायचा. पण त्याच्याच शेजारी अँटिबॉडी हा शब्दही होता आणि तो तर पास झाल्याचा शब्द. बी असो की सी, रखवालदार ते रखवालदारच की. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

"काय रे?" चष्म्या म्हणाला. "एवढा वेळ? माझं मृत्युपत्र आहे का?"

शिंपी बघत होता. पोस्टमन बघत होते. इतका वेळ तर मास्तरांनी किडनीच्या रिपोर्टलाही कधी लावला नव्हता.

"अँटिबॉडी आहे तुझ्यात," मास्तर म्हणाले. "मला तीन सुया टोचून घ्याव्या लागल्या. तुला फुकटात रखवालदार मिळाले."

"मग पत्र कशाला पाठवलं?"

"भेटायला बोलावतात. सगळ्यांनाच बोलावतात. एकदा रक्त दिलं की पुन्हा द्या म्हणून मागे लागतात."

"बरं झालं सांगितलंस. नाहीतर गेलो असतो सुई टोचून घ्यायला." चष्म्याने सुटकेचा श्वास सोडला. "पत्र तुझ्याकडेच ठेव. माझ्या दुकानात कागद टिकत नाही."

मास्तरांकडे बुटांचं एक खोकं होतं, त्यात गल्लीतल्या निम्म्या माणसांचे जुने रिपोर्ट होते. पत्र त्यात गेलं. मॅडमना उद्या विचारू, असं मास्तरांनी ठरवलं होतं. उद्या मॅडम रजेवर होत्या. परवा खिडकीवर गर्दी होती. मग निवृत्तीची कागदपत्रं सुरू झाली, निरोपाचा हार झाला, भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं, आणि विचारायचं ते राहून गेलं.

सात वर्षं गेली.

या सात वर्षांत चष्म्या थकत गेला. दुपारी दुकानात खुर्चीवरच डोळा लागायचा. अंगाला खाज सुटायची, काच पुसायच्या फडक्यानेच पाठ खाजवायचा. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. त्याची बायको म्हणायची, एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. त्याचं उत्तर ठरलेलं, आणि ते त्याच्या तोंडून मास्तरांनीही कितीदा ऐकलं होतं: "मास्तरांनी माझं रक्त वाचलंय. आत रखवालदार बसलेत. तू कशाला घाबरतेस?" मास्तर हसून मान हलवायचे. वय झालं आपलं, असं दोघंही एकमेकांना सांगायचे आणि दोघांनाही ते पटायचं.

मग एका सकाळी चष्म्याला पँटचं बटण लावता येईना. पोट ताणलं होतं, पाय सुजले होते, घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा झाला होता. मास्तर आणि चष्म्याची बायको, मास्तरांच्या वहिनी, त्याला घेऊन हॉस्पिटलात गेले. तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, आणि चौथ्या दिवशी तिघं डॉक्टरांसमोर बसले.

डॉक्टर तरुण होती. टेबलावर प्लास्टिकचं लिव्हर ठेवलं होतं, अर्धं गुळगुळीत आणि अर्धं खडबडीत. तिने खडबडीत बाजूवर बोट ठेवलं.

"तुमच्या रक्तात हेपॅटायटिस सीचा विषाणू आहे. तो फार हळू काम करतो. वीस, तीस, चाळीस वर्षं. तोवर काही जाणवत नाही. लिव्हर हळूहळू असं घट्ट होत जातं. पोटात पाणी झालंय ते त्यामुळे. कधी रक्त दिलं होतं का तुम्हाला? बाहेरून?"

"दोन बाटल्या. बेचाळीस वर्षं झाली."

"त्या काळी या विषाणूची तपासणीच नव्हती. कदाचित त्यातूनच." तिने लिहून घेतलं. मास्तरांनी आपले हात टेबलाखाली नेले. "विषाणूवर आता चांगल्या गोळ्या आहेत. तीन महिन्यांत तो बहुतेकांच्या रक्तातून जातो. पण झालेली हानी सगळी भरून येत नाही. चार-पाच वर्षं आधी कळलं असतं, तर पोटात पाणी व्हायची वेळ बहुधा आली नसती. आधी कधी तपासणी झाली होती?"

"रक्तदान केलं होतं एकदा," चष्म्या म्हणाला. "सगळं चांगलं होतं तेव्हा."

"तिथे ही तपासणी करतातच. काही सापडलं तर कळवतात. काही पत्र वगैरे?"

चष्म्याने मास्तरांकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. नेहमीप्रमाणे तो नुसता विचारत होता. "पत्र आलं होतं ना रे एक?"

मास्तरांना ते पत्र दिसत होतं. खोक्यात तळाशी, शिंप्याच्या साखरेखाली. चारही ओळी दिसत होत्या.

"आठवत नाही," मास्तर म्हणाले.

डॉक्टरने कागदावर लिहिलं: पूर्वी तपासणी नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर आपल्या जुन्या प्रयोगशाळेत गेले. मॅडम केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. खिडकीची काच तीच होती, खालून हात घालण्यापुरती कापलेली. आत एक मुलगी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. ती इथली तंत्रज्ञ होती. मास्तरांना ती भिंतीवरच्या निरोपसमारंभाच्या फोटोवरून ओळखायची.

"काका, तुम्ही? या ना आत."

मास्तर जुन्याच स्टुलावर बसले. "आमच्या गल्लीतल्या एकाचं विचारायचं होतं," ते म्हणाले. "अँटिबॉडी आली, तर ते चांगलं ना?"

"कशाची अँटिबॉडी, त्यावर आहे." मुलीला शिकवायची हौस होती. तिने एक कोरा फॉर्म उलटा केला. "हेपॅटायटिस बी घ्या. त्याच्या तीन तपासण्या. एकात विषाणूचा वरचा भाग थेट सापडतो, म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहे. दुसरी, त्या वरच्या भागाविरुद्धची अँटिबॉडी. ती लसीने येते किंवा माणूस बरा झाला की येते. ती आली की संरक्षण. तिसरी, आतल्या गाभ्याविरुद्धची अँटिबॉडी. ती लसीने येत नाही. खरा विषाणू कधीतरी येऊन गेला असेल, तरच येते. म्हणजे नुसत्या बीमध्येच दोन अँटिबॉडी, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा."

"आणि सी?"

"सीला लसच नाही, काका. सीची अँटिबॉडी संरक्षण करत नाही. तिचा अर्थ एवढाच, की विषाणू कधीतरी आत आला होता." तिने खिडकीकडे पाहिलं आणि जरा विचार केला. "घराची कडी तुटलेली दिसली, असं समजा. चोर आला होता हे नक्की. पण तो निघून गेला की माळ्यावर बसलाय, हे कडी बघून नाही कळत. आत जाऊन बघावं लागतं. चारातल्या एकाच्या अंगातून तो आपोआप जातो. बाकीच्यांत राहतो. म्हणून अँटिबॉडी आली की लगेच दुसरी तपासणी करायची, थेट विषाणू शोधायची. आणि बरा झाला तरी कडी तुटलेली ती तुटलेलीच. अँटिबॉडी बहुतेक जन्मभर दिसत राहते."

"कडी बघून कुणी म्हणालं, की घराला रखवालदार आहे, तर?"

मुलगी हसली. "असं कोण म्हणेल? प्रयोगशाळेत काम केलेला माणूस तर नाहीच म्हणणार."

मास्तरांनी तो फॉर्म घडी करून खिशात ठेवला. निघताना तिने चहाचं विचारलं. ते नको म्हणाले.

घरी येऊन त्यांनी खोकं उपसलं. बायको दारात उभी राहून बघत होती. तळाचं पत्र निघालं तेव्हा ती जवळ आली आणि त्यांच्या खांद्यावरून वाचू लागली. वाचून झाल्यावर ती काही बोलली नाही. हळकुंडाचं नाही, लंगड्या गाईचं नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

"हे फाडलं तर कुणाला कळणार नाही," मास्तर म्हणाले.

"मला कळेल," ती म्हणाली. "तुम्हाला तर कळेलच."

दुपारी मास्तर चष्म्याच्या घरी गेले. तो पाठीला तीन उशा लावून पलंगावर बसला होता. वहिनी खालीच भाजी निवडत होत्या. पाणी काढल्यामुळे त्याचं पोट जरा उतरलं होतं आणि जीभ पुन्हा चालू लागली होती.

"ये. बिनमिठाचं जेवण जेवायचंय का? मेल्यावर काय वाढतात, त्याची आत्ताच चव घेतोय."

मास्तर बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी पत्र उघडलं आणि मोठ्याने वाचलं. चारही ओळी, तारखेसकट. सात वर्षांपूर्वी ते जसं वाचायला हवं होतं तसं, एकेक शब्द. मग म्हणाले, "मला याचा अर्थ कळला नव्हता. कळला असं मी दाखवलं."

वहिनींच्या हातातली भाजी तशीच राहिली. चष्म्याने हात पुढे केला. मास्तरांनी कागद दिला. त्याने उशीखालून चष्मा काढला, या खेपेस तो जागेवर होता, आणि स्वतः वाचलं.

"शाळेत तर मीही गेलो होतो," तो शेवटी म्हणाला. "चार ओळी. मलाही वाचता आल्या असत्या. सुई टळली, यातच मला आनंद होता." त्याने पत्राची घडी घातली. "म्हणजे हॉस्पिटलात तुला आठवत होतं."

"हो."

"अर्थ चुकला, ते मी समजू शकतो. पण काल माझ्या शेजारी बसून..." त्याने भिंतीकडे तोंड केलं.

बोलल्या त्या वहिनी. आवाज चढवला नाही. "भावजी, दर वेळी मी यांना डॉक्टरांकडे चला म्हटलं, की हे तुमचं नाव घ्यायचे. तुमच्या नावापुढे माझं काही चालायचं नाही. त्या दिवशी 'मला कळत नाही' एवढंच म्हणाला असतात, तर काय गेलं असतं तुमचं?"

मास्तरांकडे उत्तर होतं. शिंपी बघत होता, पोस्टमन बघत होते. एवढंच गेलं असतं. पण हे उत्तर तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

त्या आठवड्यात ते एकटेच तरुण डॉक्टरकडे गेले आणि पत्र दाखवून म्हणाले, की चष्मेवाल्याच्या फाइलमध्ये जे लिहिलंय ते चूक आहे, ते माझ्यामुळे. डॉक्टरने जुनी ओळ खोडून नवी लिहिली आणि तारीख टाकली. ती त्यांना रागावली नाही. "उपचार यामुळे बदलणार नाही," ती म्हणाली. "पण बरं केलंत." मास्तरांना त्यातला पहिलाच भाग ऐकू आला.

गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने चष्म्याने त्या न चुकता घेतल्या. मास्तर रोज त्याच्या दारापर्यंत जायचे, वहिनींना हवं-नको विचारायचे, हॉस्पिटलच्या रांगेत उभे राहायचे. चष्म्या त्यांच्याशी बोलायचा, पण पाहुण्याशी बोलावं तसं. जेवलास का, उन्हाचा कशाला आलास. शिव्या बंद झाल्या होत्या. पंचावन्न वर्षांच्या दोस्तीत शिव्या थांबल्या की किती शांत वाटतं, ते मास्तरांना पहिल्यांदाच कळलं.

पायरीवर लोक अजून पाकिटं आणत. मास्तर म्हणत, बंद केलंय मी ते. लोकांना वाटे, मित्राच्या आजारपणाने मन लागत नसेल. मास्तर बुटांचं खोकं घेऊन घरोघर गेले आणि ज्याचे कागद त्याला परत केले.

गोळ्या संपून आणखी तीन महिने झाल्यावर शेवटची तपासणी झाली. निकाल आला त्या संध्याकाळी चष्म्या स्वतः जिन्यापाशी आला. काठी टेकत, दोनदा थांबत. तिसऱ्या पायरीवर मास्तरांच्या शेजारी बसला. दम बसल्यावर खिशातून कागद काढून त्यांच्यापुढे धरला.

"वाच."

"नको."

"अरे वाच. एकच ओळ आहे. विषाणू आढळला नाही." त्याने कागद परत घेतला. "चोर गेला. अँटिबॉडी मात्र राहणार म्हणाली ती डॉक्टर. पुढे कधी कुणी तपासलं की रिअॅक्टिव्हच येणार. लोकांना सांगत बसायचं आता, की बाबांनो, ही जुनी खूण आहे."

"आणि लिव्हर?"

"ते आहे तसंच. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. वाढलं तर वाढलं." जिन्याच्या कठड्यावर त्याची करडी बोटं थोडी थरथरत होती. "दुकान देऊन टाकलं. यंत्रही गेलं. उभं राहवत नाही, आणि या हातांनी काच कशी घासणार? माणसाच्या डोळ्याचा प्रश्न असतो."

मास्तरांनी मान हलवली. वरून बायको दोन कप घेऊन आली. दोघं चहा प्यायले.

"तू डोळे बारीक करून बघतोस," चष्म्या अचानक म्हणाला. "नंबर वाढलाय तुझा. दुसरीकडून करून घे."

"घेतो."

"घेतो घेतो म्हणशील आणि राहील. मी ओळखतो तुला, गाढवा."

सात महिन्यांतली ती पहिली शिवी होती. पुढची बरेच दिवस आली नाही. मास्तरांनी चष्मा काही बदलला नाही. दुसऱ्याच्या दुकानात जाऊन त्या खुर्चीवर बसायला त्यांचे पाय वळत नव्हते.

हिवाळ्यात पहिल्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं. त्यातल्या बाईंना कुणीतरी जुनीच गोष्ट सांगितली असावी. एका संध्याकाळी त्या पाकीट घेऊन पायरीपाशी आल्या. नवऱ्याचा रिपोर्ट होता, ऑपरेशनच्या आधीचा.

"जरा बघता का? काही काळजीचं नाही ना?"

मास्तरांनी हात लांब केला, कागद धरला. अक्षरं विरघळल्यासारखी दिसत होती. तरी मध्यावरचा 'अँटिबॉडी' हा शब्द त्यांना ओळखता आला.

"तुमचा चष्मा बदलायला झालाय वाटतं," बाई म्हणाल्या. "दिसत नाहीये का? मी वाचून दाखवू?"

'दिसत नाही' म्हणून सुटायला तेवढी वाट पुरेशी होती.

"दिसतंय," मास्तर म्हणाले. "मला याचा अर्थ कळत नाही."

बाई थोड्या गोंधळल्या. "मग कुणाला विचारू? तारीख तर पुढच्या आठवड्यातली आहे. उद्या-परवा जाऊन येईन म्हणते."

मास्तरांनी कागद उलटा केला, परत सुलटा केला. तळाशी प्रयोगशाळेचा फोन नंबर होता. तो त्यांनी बोटाने दाखवला, आणि बाईंनी फोन बाहेर काढेपर्यंत बोट तिथून उचललं नाही.

"आत्ताच लावा," ते म्हणाले. "उद्या नको."